मोजपट्टी कुणाच्या हातात? चंद्रपूर-गडचिरोलीतले आठ गैरसमज

कोळशाची वीज, जंगल, खनिज आणि उन्हाळा हे चारही प्रश्न एकदम अंगावर घेणारे दोन जिल्हे महाराष्ट्रात आहेत. १९८२ सालापर्यंत ते मिळून एकच होते. मग गडचिरोली वेगळा झाला. चंद्रपूरकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणी आणि २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र (इथल्या बोलीत ‘थर्मल’) राहिलं. गडचिरोलीच्या वाट्याला सुमारे सत्तर टक्के भूभागावरचं जंगल आणि त्याखालचं लोहखनिज आलं. त्यामुळे दिल्लीत एखाद्या अधिसूचनेतली तारीख बदलली किंवा एखादी व्याख्या सैल झाली, की तिचा परिणाम इथल्या हवेत आणि झाडांवर होतो.

तरीही हवामानबदल आणि ऊर्जेच्या स्थित्यंतरावरची इथली चर्चा ठरावीक वाक्यांभोवती फिरते. त्यातली काही वाक्यं सत्ताधाऱ्यांची आहेत, काही विरोध करणाऱ्यांची, काही चहाच्या टपरीवरची. त्यातली आठ इथे तपासून पाहिली आहेत.

गैरसमज १: विज्ञानात राजकारण घुसणं हा अमेरिकेतला प्रकार. आपल्याकडे हवामानबदल कुणी नाकारतच नाही.

वस्तुस्थिती: यातलं दुसरं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे आणि तिथेच फसगत होते.

अमेरिकेतला हस्तक्षेप उघड असतो. जॉर्ज बुश यांच्या काळात व्हाइट हाउसमधले अधिकारी फिलिप कूनी सरकारी हवामान अहवालांच्या मसुद्यांत फेरफार करत असल्याचं २००५ साली बाहेर आलं. त्याआधी ते तेल उद्योगाच्या संघटनेत होते. राजीनामा दिल्यावर ते एक्सॉनमोबिलमध्ये गेले. २०२५ साली ट्रम्प प्रशासनाने राष्ट्रीय हवामान मूल्यांकनावर काम करणाऱ्या शेकडो तज्ज्ञांना एका फटक्यात मोकळं केलं.

भारतात असं होत नाही. उलट केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयानेच २०२० साली, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांकडून, देशाच्या हवामानबदलाचं मूल्यांकन प्रसिद्ध केलं. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आणि त्यामागे मुख्यतः माणसाने सोडलेले हरितगृह वायू आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

आपल्याकडचा हस्तक्षेप वेगळ्या वाटेने येतो. अहवाल खोटा ठरवला जात नाही, तो दाबून ठेवला जातो. निकष रद्द होत नाही, त्याची मुदत वाढते. जंगल तोडू असं कुणी म्हणत नाही, जंगलाची व्याख्या बदलते. महाराष्ट्राला याचं सर्वांत ठळक उदाहरण ठाऊक आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर केला. पर्यावरण मंत्रालयाने तो बाहेर येऊ दिला नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितलं, मंत्रालय उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. तेव्हा कुठे मे २०१२मध्ये लोकांना तो वाचता आला. पाठोपाठ कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली गेली आणि संरक्षणाचं क्षेत्र खूपच आक्रसलं. त्या आक्रसलेल्या क्षेत्राचीही मसुदा अधिसूचना २०१४पासून पुन्हापुन्हा निघते आहे. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरडी कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणून ‘कोण नाकारतंय?’ एवढंच विचारून आपल्याकडे काही हाती लागत नाही. मोजपट्टीवर हात कुणाचा आहे, हे पाहावं लागतं.

गैरसमज २: चांदा पहिल्यापासूनच तापतं, त्यात हवामानबदल कसला? किंवा उलट: सगळी उष्णता थर्मलमुळे आहे.

वस्तुस्थिती: दोन्ही वाक्यं एकाच चुकीची दोन टोकं आहेत.

चंद्रपूर, म्हणजे जुनं चांदा, समुद्रापासून लांब आहे, सखल आहे, आणि मे महिन्यात वायव्येकडून येणारे कोरडे वारे इथे थांबायला डोंगर नाही. त्यामुळे इथला उन्हाळा थर्मलच्या धुराड्यांहून पुष्कळ जुना आहे. थर्मलला दोष देणाऱ्यांनी ब्रह्मपुरीकडे पाहावं. त्याच जिल्ह्यात, शंभराच्या आसपास किलोमीटर उत्तरेला असलेल्या या गावात महाऔष्णिक केंद्र नाही. तरी उन्हाळ्यात राज्यातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर यांचीच चढाओढ असते. उघड्या खाणी, मातीचे ढिगारे, डांबर आणि सिमेंट यांनी आसपासचा परिसर अधिक तापतो आणि रात्री उशिरा निवतो हे खरं; पण जिल्हाभरच्या उन्हाळ्याचं ते कारण नव्हे.

हवामानबदलाचं काम या जुन्या उन्हाळ्यावर भर घालण्याचं आहे. पाया आधीच उंच असेल तर अर्धा-पाऊण अंशाची भरही तब्येतीला सोसण्याच्या मर्यादेपलीकडे नेते आणि उष्णतेच्या लाटा लवकर सुरू होतात. २०२५ साली एप्रिलमध्येच चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि देशातल्या सर्वाधिक तापमानांत त्याची नोंद झाली.

थर्मलमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड चंद्रपूरच्या डोक्यावर साचून राहत नाही; तो साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. त्यामुळे चंद्रपूरचा कोळसा जगाचं तापमान वाढवतो आणि जगाचा कोळसा चंद्रपूरचं. ‘आमच्या केंद्रामुळे शहराचं तापमान वाढल्याचा पुरावा नाही’ हे विधान अशा वेळी अक्षरशः खरं असू शकतं आणि तरी दिशाभूल करणारं. इथेच राहणारं आणि इथल्याच छातीत जाणारं जे आहे, ते वेगळं आहे.

गैरसमज ३: आपल्या कोळशात गंधक कमी असतं. धुराड्याला ते वेगळं काढणारी यंत्रणा कशाला हवी?

वस्तुस्थिती: हा प्रश्न सविस्तर पाहायला हवा, कारण विज्ञान आणि राजकारण यांची सीमारेषा इथे सर्वांत धूसर आहे.

भारतीय कोळशात गंधकाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, हे खरं. परदेशी कोळशात ते बऱ्याचदा जास्त असतं, हेही खरं. पण आपल्या कोळशात राख भरपूर आणि उष्मांक कमी. तेवढीच वीज काढायला कोळसा जास्त जाळावा लागतो. टक्का लहान असला तरी कोळशाचा ढीग मोठा असल्याने हवेत जाणारा सल्फर डायऑक्साइड थोडका राहत नाही.

दुसरं असं, की राख पकडणारी ईएसपी यंत्रणा वायू पकडत नाही. सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो, वाऱ्यासोबत प्रवास करतो, हवेतल्या अमोनियाशी संयोग पावतो आणि त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात. फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या पीएम २.५मध्ये हेही येतात. म्हणजे केंद्राच्या फाटकाशी वायूचं प्रमाण मर्यादेत दिसू शकतं आणि त्याच वायूचे कण कित्येक किलोमीटरवरच्या गावात सापडू शकतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५मध्ये औष्णिक केंद्रांसाठी नवे निकष काढले आणि ते पाळायला दोन वर्षं दिली. दोन वर्षं संपताना मुदत २०२२वर गेली. २०२१मध्ये केंद्रांची अ, ब आणि क अशी वर्गवारी झाली आणि तारखा आणखी पुढे सरकल्या. त्यानंतरही त्या सरकत राहिल्या. अखेर ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने क वर्गातल्या केंद्रांना, म्हणजे देशातल्या पाऊणशे टक्क्यांहून अधिक संचांना, या यंत्रणेतून सूटच दिली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या जवळची केंद्रं अ वर्गात. त्यांना २०२७ अखेरची मुदत. ब वर्ग आहे तो अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या आणि हवेचे मापदंड न पाळू शकलेल्या शहरांजवळच्या केंद्रांचा. त्यांचा निर्णय प्रत्येक केंद्र वेगळं तपासून होणार.

चंद्रपूर ब वर्गाच्या या दोन्ही याद्यांत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या पाहणीत ८३.८८ गुणांनी ते देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या खालोखाल चौथं होतं. त्या पाहणीवरून जानेवारी २०१०मध्ये अशा क्षेत्रांत नव्या उद्योगांवर तात्पुरती बंदी आली होती. तेव्हा इथल्या हवेबद्दल विज्ञान गप्प होतं असं म्हणता येणार नाही.

सूट देताना सरकारने शास्त्रीय अभ्यासांचाच आधार घेतला. त्यांत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं नाव आहे, आयआयटी दिल्लीचंही आहे. यंत्रणा महाग आहे, ती स्वतः वीज आणि पाणी खाते, आणि सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून थोडा गारवा देतात, असे युक्तिवाद झाले. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण सल्फेटचे कण हवेत काही दिवस टिकतात आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. गारव्यासाठी लोकांच्या छातीत सल्फेट जाऊ द्यायचं, हा निष्कर्ष प्रयोगशाळेतून येत नाही. खर्च कुणी सोसायचा, हा राजकीय निर्णय आहे. तो राजकीय म्हणून उघड मांडला गेला असता तर त्यावर भांडता आलं असतं. ‘शास्त्रज्ञांनीच सांगितलं’ म्हटलं की वाद मिटतो. शास्त्रज्ञांना विचारलेला प्रश्न मात्र ‘केंद्राभोवती वायूची पातळी मर्यादेत आहे का?’ एवढाच होता की ‘त्यातून होणाऱ्या कणांनी किती माणसं आजारी पडतात?’ असाही होता, हे पाहायचं राहून जातं.

गैरसमज ४: देशाची निम्मी वीज आता कोळशाविना होते. चंद्रपूरचे दिवस भरले.

वस्तुस्थिती: २०२५च्या मध्यावर भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, आणि पॅरिस करारात २०३०साठी दिलेला शब्द पाच वर्षं आधी पाळला गेला. हे यश खरं आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निघणारी वीज वेगळी. सौर प्रकल्प दिवसातले काही तासच पूर्ण जोमाने चालतो; औष्णिक संच चोवीस तास चालवता येतो. त्यामुळे क्षमतेत अर्धा वाटा असूनही देशात तयार होणाऱ्या विजेतला सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. शिवाय या निम्म्यात अणुऊर्जाही धरलेली आहे आणि मोठी धरणंही.

‘नवीकरणीय’ या सदरात पूर्वी २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प धरत. मार्च २०१९मध्ये मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही त्यात घेतलं गेलं. एकही नवा टर्बाइन न फिरता टक्केवारी वाढली. यात लबाडीच आहे असं नाही, जगात अनेक देश तसं मोजतात. पण दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना मोजण्याची रीत तीच होती का, हे पाहावं लागतं.

चंद्रपुरात २१० मेगावॉटचे पहिले दोन जुने संच निवृत्त झाले, पण त्याच आवारात ५०० मेगावॉटचे दोन नवे उभे राहिले. केंद्राची क्षमता घटली नाही, वाढली.

गैरसमज ५: सूर्य रात्री मावळतो, कोळसा कधी दगा देत नाही.

वस्तुस्थिती: पहिला अर्धा भाग खरा आहे. संध्याकाळी सहानंतर घराघरांतले दिवे, पंखे, कूलर एकदम लागतात आणि नेमकी तेव्हाच सौर वीज ओसरते. ती साठवायला बॅटऱ्या हव्यात किंवा उदंचन प्रकल्प, म्हणजे दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारे. त्यांना पैसा आणि जागा दोन्ही लागतात. ही अडचण झाकणारा माणूस सौर ऊर्जेचं नुकसानच करतो.

दुसरा अर्धा भाग मात्र चंद्रपूरकरांनी तरी मानू नये. थर्मलला कोळशासोबत पाणीही लागतं आणि ते इरई धरणातून येतं. २०१०च्या उन्हाळ्यात इरईत पाणीच उरलं नाही, तेव्हा संच बंद ठेवावे लागले. मराठवाड्यात परळीचं केंद्र २०१३च्या आणि २०१५च्या दुष्काळात असंच थांबलं. २०२१च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२२च्या एप्रिलमध्ये देशभरच्या केंद्रांत कोळशाचा साठा तळाला गेला होता. दुष्काळ आणि तीव्र उन्हाळा वाढणार असतील तर पाण्यावर चालणाऱ्या केंद्राचा भरवसाही त्याच प्रमाणात कमी होणार, हा हिशेब ‘भरवशाची वीज’ म्हणणारे सहसा मांडत नाहीत.

दोन्हींची सांगड कशी घालायची हा मग धोरणाचा प्रश्न होतो. महावितरणने २०२४ साली ६,६०० मेगावॉट विजेसाठी एकच निविदा काढली: ५,००० मेगावॉट सौर आणि १,६०० मेगावॉट औष्णिक, दोन्ही एकाच पुरवठादाराकडून. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती अदानी समूहाला मिळाली. मिश्र दर युनिटला ४ रुपये ८ पैसे. स्वस्त वीज मिळाली असं सरकारचं म्हणणं. टीकाकारांचं म्हणणं असं की दोन्ही एकत्र बांधल्याने स्पर्धकच उरले नाहीत, आणि सौर विजेच्या करारासोबत कोळशाचं नवं केंद्र पुढची पंचवीस वर्षं राज्याच्या गळ्यात पडलं. वाद दराचा असला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: सौर ऊर्जा वाढली म्हणून कोळसा आपोआप घटत नाही. तो घटवायचा की नाही, हे निविदेच्या अटी ठरवतात.

गैरसमज ६: एक झाड तोडलं तर दहा लावू. सरकारी अहवालात वनक्षेत्र वाढतच तर आहे.

वस्तुस्थिती: भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजतं. एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि तिच्यावर दहा टक्के छत्र असलं, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाडं कुठली, हे पाहिलं जात नाही. आमराई, निलगिरीची लागवड आणि भामरागडचं जंगल या मोजणीत एकाच बेरजेत बसतात. म्हणून एकीकडे जुनं जंगल जाऊन दुसरीकडे लागवड झाली तरी बेरीज सपाट राहते, कधी वाढतेही.

गडचिरोलीत त्या बेरजेत न दिसणारं पुष्कळ काही आहे. मोह लावला तर फुलं वेचायला दहा-पंधरा वर्षं थांबावं लागतं. तेंदूपत्ता, बांबू, मोह, चारोळी यांवर माडिया आणि गोंड कुटुंबांचं वर्ष उभं असतं. जुन्या जंगलाच्या मातीत साठलेला कार्बन रोपवाटिकेतून आणता येत नाही. २०२५ साली एटापल्ली तालुक्यातल्या लोहखनिजाच्या शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळवायला केंद्राने तत्त्वतः परवानगी दिली. त्यात एक लाखाहून जास्त झाडं जाणार आहेत आणि हा भाग ताडोबा ते इंद्रावती या वाघांच्या भ्रमणमार्गाशी जोडलेला आहे. बदली लागवड कागदावर तेवढीच झाली तरी तो मार्ग दुसरीकडे लावता येत नाही.

व्याख्या कशा बदलतात याची दोन उदाहरणं याच पट्ट्याला भिडतात. २००९-१०मध्ये पर्यावरण आणि कोळसा या दोन मंत्रालयांनी मिळून नऊ कोळसाक्षेत्रांचा नकाशा तयार केला. त्यात वर्धा खोऱ्याचं क्षेत्रही होतं, चंद्रपूर ज्याच्या मध्यावर आहे. दाट जंगलाखालचे पट्टे ‘नो-गो’ म्हणून बाजूला काढले गेले. ऊर्जा आणि कोळसा खात्यांनी आरडाओरडा केला, मंत्रिगट बसला आणि ती वर्गवारीच सोडून देण्यात आली. जंगल होतं तिथेच होतं, त्यावरची रेघ तेवढी पुसली. दुसरं उदाहरण २०२३च्या वनसंरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीचं. नक्षलग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या भागात सार्वजनिक उपयोगाच्या कामांसाठी पाच हेक्टरपर्यंतची वनजमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे. गडचिरोलीसाठी ही नुसती तांत्रिक बाब नाही.

गैरसमज ७: गडचिरोलीत ‘ग्रीन स्टील’ होणार, म्हणजे प्रदूषणाशिवाय विकास. विरोध करणारे विकासविरोधी.

वस्तुस्थिती: केंद्रीय पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ रोजी हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. एक टन पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सुटत असेल तर ते हरित. त्यात तीन, चार आणि पाच तारे. पाच ताऱ्यांसाठी १.६ टनांपेक्षा कमी. आता जागतिक पोलाद संघटनेच्या आकड्यांनुसार जगाची सरासरी १.९ टनांच्या आसपास आहे. दोन्हींच्या मोजणीच्या पद्धतीत फरक आहे हे धरूनही, जगाच्या सरासरीहून जास्त कार्बन सोडणाऱ्या पोलादाला आपल्याकडे हरित शिक्का मिळू शकतो. भारताची आजची सरासरी अडीच टनांच्या वर असल्याने इथून सुरुवात करायला काहीतरी पायरी हवी, हा मंत्रालयाचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण ‘आजच्यापेक्षा बरं’ आणि ‘प्रदूषणाशिवाय’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या लोहखनिज खाणीला २००७ साली भाडेपट्टा मिळाला. २०१६च्या डिसेंबरात नक्षल्यांनी खाणीवरची वाहनं जाळली. २०२१पासून काम जोरात सुरू झालं. वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा २०२३मध्ये एक कोटी टनांवर गेली आणि तिथे थांबली नाही. हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत लोहखनिज वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ साली सुरू झाली. त्यामुळे डिझेलचे ट्रक कमी होतील, हा दावा रास्त आहे. रस्त्यांची चाळण आणि अपघात सोसलेल्या आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या लोकांना तो पटेलही. रोजगार आला आहे, हेही खरं आहे.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मात्र ‘विकास नको’ असं सरसकट नाही. सूरजागडची टेकडी माडियांच्या ठाकुरदेवाची. तिथे दर जानेवारीत यात्रा भरते. खाणीची क्षमता वाढवण्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२मध्ये झाली ती एटापल्लीत नव्हे, तर शंभर किलोमीटरहून लांब जिल्ह्याच्या ठिकाणी. सुनावणी शक्यतो प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यावी, असं २००६ची पर्यावरण परिणाम अधिसूचना सांगते. तोडगट्टा इथे २०२३मध्ये कित्येक महिने चाललेल्या ठिय्याचा रोखही हाच होता: आमच्या ग्रामसभेला विचारा. जंगलात काय आहे आणि काय जाईल, याची सर्वांत बारीक माहिती ज्यांच्याजवळ आहे ते सुनावणीला पोचू शकले नाहीत, तर अहवालातलं विज्ञानही तेवढंच अपुरं राहतं.

विकासाचा हिशेब चंद्रपूरला विचारावा. १९९९ साली चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघा अशी साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी सुरू झाली, १,५०० मेगावॉट वीज पश्चिमेकडे नेणारी. वीज गेली, राख इथे राहिली. वेकोलिच्या खाणी भूमिगत होत्या तेव्हा कायम कामगार पुष्कळ होते. त्या उघड्या झाल्या, यंत्रं मोठी झाली, कामं कंत्राटदारांकडे गेली. कोळसा वाढला आणि कायम नोकऱ्या घटल्या. घट झाली ती सौर ऊर्जा येण्याच्या कितीतरी आधी. म्हणून ‘कोळसा गेला तर चांदा उपाशी मरेल’ ही भीती खोटी नसली तरी तिचं उत्तर कोळसा चालू ठेवण्यात नाही. खनिजाच्या स्वामित्वधनातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जो पैसा मिळतो तो खाणग्रस्त गावांच्या पाण्यावर, दवाखान्यांवर आणि नव्या कौशल्यांवर खर्च होतो का, इथे त्या भीतीचं उत्तर शोधावं लागेल.

गैरसमज ८: हवामान आणि ऊर्जा हे तज्ज्ञांचे विषय. राजकारण्यांनी यापासून लांबच राहावं.

वस्तुस्थिती: या दोन जिल्ह्यांचा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो.

१९८०च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणं होणार होती. तज्ज्ञांच्या कागदांवर ती उत्तम होती. कोळसा न जाळता वीज मिळाली असती. आजच्या व्याख्येत तर ती चक्क नवीकरणीय ठरली असती. पण गडचिरोली आणि बस्तरचं प्रचंड जंगल आणि शेकडो गावं पाण्याखाली जाणार होती. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शहा यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत लोक उभे केले, प्रश्न इंदिरा गांधींपर्यंत गेला आणि ती धरणं थांबली. कोळसा नाही एवढ्यावरून प्रकल्प निरुपद्रवी होत नाही, हा धडा सौर पार्क आणि पवनचक्क्यांनाही लागू आहे.

ताडोबाच्या उंबरठ्यावरची लोहारा कोळसाखाण २००९मध्ये चंद्रपूरकरांच्या आंदोलनानंतर बारगळली. २०२० साली व्यावसायिक लिलावाच्या यादीत वाघांच्या भ्रमणमार्गातला बंदर कोळसापट्टा आला, राज्य सरकारने हरकत घेतली आणि तो वगळला गेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आज गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे असे हक्क आहेत. यातलं प्रत्येक काम राजकारणाने केलं.

राजकारणी शास्त्रज्ञांना बरोबर प्रश्नही विचारू शकतो. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील हा आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालातला दावा २००९मध्ये जयराम रमेश यांनी प्रकाशित केलेल्या, भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या निबंधाशी जुळत नव्हता. तेव्हा रमेश यांच्यावर टीका झाली. जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीने दावा चुकीचा असल्याचं मान्य केलं. हिमनद्या वितळत आहेत हे मात्र त्याने खोटं ठरलं नाही. चूक उघडपणे दाखवली गेली आणि उघडपणे दुरुस्त झाली; शास्त्राला असा हस्तक्षेप पचतो.

तेव्हा सीमारेषा इथे आखावी लागते. खाण उघडायची की नाही, धुराड्यावर पैसा घालायचा की सवलत द्यायची, कोळसा किती वर्षांत कमी करायचा, हे ठरवणं निवडून आलेल्यांचंच काम आहे. त्यात हितसंबंध असणार, भांडणं होणार. पण हवेत कण किती, जंगल किती, पोलादामागे कार्बन किती, हे मोजणं त्यांचं काम नव्हे. निकष कडक वाटतो म्हणून निकषच हलवायचा, नकाशा अडचणीचा म्हणून नकाशाच पुसायचा, अहवाल नको म्हणून कपाटात ठेवायचा, हा हस्तक्षेप. पक्ष कुठलाही असो. वर आलेली उदाहरणं वेगवेगळ्या पक्षांच्या राजवटींतली आहेत.

हे ओळखायला पदवी लागत नाही. नवी अधिसूचना आली की आधीची तारीख काय होती ते पाहावं. टक्केवारी वाढली की मोजण्याची व्याख्या तीच होती का ते विचारावं. ‘अभ्यासाने सिद्ध झालं’ असं ऐकलं की अभ्यासाला प्रश्न कुठला दिला होता ते शोधावं. जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघते, आणि तिच्यासोबतचा परिणाम अहवालाचा मसुदा वाचायला ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो वाचून लेखी हरकत घेता येते. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, गाडगीळ अहवाल त्यानेच बाहेर आला. निर्णय चुकला तर पुढच्या निवडणुकीत तो बदलायची संधी असते. मोजमापच वाकवलं तर निर्णय चुकला होता हे कळायलाच मार्ग उरत नाही.